बो कॉमनचं सेंट पॉल्स चर्च कारखान्यासारखं का दिसतं?

प्रश्न असा आला आहे : वसई तालुक्यातल्या एका धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, बांधकाम समितीतले सभासद मुलीकडे लंडनला गेले होते. ईस्ट एंडमध्ये बर्डेट रोडच्या कोपऱ्यावर त्यांनी सेंट पॉल्स, बो कॉमन हे चर्च पाहिलं. बाहेरून गोदाम, आत उघड्या विटा, पायाखाली फुटपाथवर असते तशी फरशी. तरी त्या इमारतीला वारसा दर्जा आहे म्हणे. ते विचारतात : युद्धानंतर पैसे नव्हते म्हणून चर्च अशी बांधली का? आणि आमच्या समितीत काही जण म्हणताहेत की नवं चर्च असंच 'मधोमध वेदी' असलेलं, गोल करू या, करावं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. पैसे कमी होते हे खरं. पण हातात पैसा कमी असला की माणूस जुन्याचीच स्वस्त नक्कल करतो, आणि इंग्लंडात तशी पुष्कळ चर्च झालीही : विटांचा लांबट डबा, टोकाला कमान, वर छोटासा मनोरा. बो कॉमनचं चर्च तसं नाही. तिथे वेदीची जागा बदलली, आणि बाकीची सगळी इमारत त्या एका निर्णयामागून आली.

जुनं सेंट पॉल्स १८५८ चं, गॉथिक वळणाचं. विल्यम कॉटन या बँक ऑफ इंग्लंडच्या माजी गव्हर्नरच्या पैशातून ते उभं राहिलं. गोदी, कालवे, गॅसचे कारखाने आणि दाटीवाटीची कामगार वस्ती असा तो भाग. लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत १९४१ मध्ये ते जळालं. त्याच साली सरकारने युद्धनुकसानीचा कायदा केला, भरपाईसाठी आयोग नेमला, आणि इंग्लंडातल्या अनेक पडलेल्या चर्चची पुनर्बांधणी याच भरपाईतून झाली.

१९५१ मध्ये तिथे फादर ग्रेशॅम कर्कबी आले आणि पुढे ४३ वर्षं तिथेच राहिले. मोठा विलक्षण माणूस. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचा, धर्मगुरू, उपासनेच्या बाबतीत काटेकोर, आणि राजकारणात स्वतःला अराजकवादी साम्यवादी म्हणवणारा. आपल्याकडे हे दोन गुण एका माणसात सहसा सापडत नाहीत, निदान बांधकाम समितीवर तरी नाहीत. त्यांनी काम कुणाला दिलं? रॉबर्ट मॅग्वायर या पंचविशीतल्या वास्तुविशारदाला, आणि कीथ मरे या चांदीकाम करणाऱ्या, चर्चच्या वस्तूंचं आरेखन करणाऱ्या त्याच्या जोडीदाराला. बांधकाम १९५८ ते १९६० चालू होतं आणि एप्रिल १९६० मध्ये चर्चचा अभिषेक झाला.

आता वेदीचं. एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी चर्च म्हणजे आगगाडीचा डबा. एका टोकाला दार, मध्ये बाकांच्या रांगा, मग गायकवृंदाची जागा, मग पायऱ्या, आणि पार शेवटी भिंतीला टेकलेली वेदी. मागच्या रांगेतल्या माणसाला दिसतात ती पुढच्यांची डोकी. फादर भिंतीकडे तोंड करून मिस्सा (भाकर-द्राक्षारसाची मुख्य उपासना) म्हणणार आणि लोक तो 'ऐकणार'. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बेल्जियम आणि जर्मनीतल्या काही मठांत याविरुद्ध विचार सुरू झाला. मिस्सा ही सगळ्यांनी मिळून करायची गोष्ट आहे, तो काही दूरवरून बघायचा खेळ नव्हे, असं ही मंडळी म्हणत होती. जर्मनीत रोमानो ग्वार्दिनी हे धर्मगुरू आणि रुडॉल्फ श्वार्झ हे वास्तुविशारद यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस रोथेनफेल्सच्या किल्ल्यातलं एक दालन पार रिकामं केलं. पांढऱ्या भिंती आणि हलवता येतील अशी काळी चौकोनी स्टुलं, बस्स. उपासनेच्या वेळी स्टुलं तीन बाजूंनी मांडायची. आपल्याकडे कीर्तनाला लोक बसतात तसं काहीसं : बुवांच्या समोर आणि दोन्ही बाजूंना, एकमेकांचे चेहरे दिसतील असे. जागा कशी मांडली यावर तिथे काय घडणार हे किती अवलंबून असतं, ते त्या एका दालनाने दाखवून दिलं.

युद्ध संपलं तेव्हा हा विचार तयार होता आणि जमीन मोकळी झाली होती. नोव्हेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ड्युरेन हे जर्मन गाव जवळजवळ सपाट झालं. तिथलं सेंट आना चर्च याच श्वार्झनी पडलेल्या जुन्या चर्चचे दगड वापरून १९५० च्या दशकात पुन्हा बांधलं. ओटो बार्टनिंग या दुसऱ्या वास्तुविशारदाने लाकडी सांगाड्यांची 'तातडीची चर्च' आखली. सांगाडा कारखान्यातून यायचा आणि मधल्या भिंती गावकऱ्यांनी ढिगाऱ्यातल्या विटा साफ करून स्वतः रचायच्या. अशी चाळीसहून अधिक चर्च उभी राहिली. यातली काही मी पाहिली आहेत. विटांच्या कडा तुटलेल्या, काहींवर जळल्याच्या खुणा, आणि मुद्दामच त्यावर गिलावा केलेला नाही.

बो कॉमनला जाताना हे सगळं डोक्यात ठेवा. दारातून एकदम आत शिरू नका. कोपऱ्यात अष्टकोनी द्वारमंडप आहे, त्याच्या माथ्यावर मोठ्या रोमन अक्षरांची ओळ फिरते. उत्पत्तीच्या पुस्तकातलं याकोबाचं वचन : हे खरोखर देवाचं घर आहे, हे स्वर्गाचं दार आहे. अक्षरं राल्फ बायर या जर्मनीत जन्मलेल्या अक्षरकाराची. कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथेड्रलमधले मोठे शिलालेखही त्यानेच कोरले. नीट बघितलंत तर सगळी अक्षरं एका उंचीची नाहीत, रेषाही सरळसोट नाहीत. रोमच्या भुयारी दफनस्थळांत सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी खरडलेली अक्षरं असतात, त्यांची आठवण होते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, शटरिंगवाल्याने चूक केली. दुसऱ्या भेटीत लक्षात आलं की चूक आपल्या सवयीची आहे.

आत गेल्यावर आधी बाप्तिस्म्याचं कुंड लागतं, कारण ख्रिस्ती माणसाचा प्रवेश बाप्तिस्म्याने होतो. कुंड म्हणजे कारखान्यात वापरायचं भाजलेल्या मातीचं भलंमोठं भांडं, काँक्रीटच्या चौथऱ्यात बसवलेलं. मग खांबांची रांग. खांबांबाहेर सगळीकडून एक बुटकी, अंधारी पडवी फिरते, तिचं छप्पर काँक्रीटच्या घड्या घातल्यासारखं वरखाली जातं. खांबांच्या आत जागा एकदम उंच होते आणि छपरावर उभारलेल्या काचेच्या 'कंदिलातून' उजेड सरळ खाली उतरतो. त्या उजेडात दोन-तीन पायऱ्यांवर वेदी, तिच्यावर काळ्या पोलादी सळ्यांचं छत्र. हे पोलाद बांधकामाच्या वखारीत मिळतं तसलंच. वेदीभोवती सुटे बाक. खिळवलेलं काहीच नाही.

आता पायाखाली बघा. तुम्ही फुटपाथची फरशी म्हणालात ते बरोबरच आहे, पण माझ्या मते त्या इमारतीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच. बाहेरचा रस्ता आत चालत येतो. गोदी कामगार ज्या काँक्रीटच्या लाद्यांवरून घरी जायचा, त्याच लाद्यांवरून तो वेदीपर्यंत येतो. मधे संगमरवर आला असता तर त्याने नकळत पायताणं झटकली असती, दबून चालला असता. आपल्या देवळांत गाभाऱ्याशी उंबरा असतो, तिथे पाऊल थबकतं, आणि ते थबकणंच तिथे हवं असतं. इथे नेमकं उलटं हवं होतं. थांबवायचं काम फरशीने करायचं नाही, ते उजेडाने करायचं : बुटक्या अंधाऱ्या पडवीतून उंच उजेडात आलात की पाय आपोआप मंदावतो. मिरवणूक निघाली की ती या पडवीतून फिरते. प्रदक्षिणामार्गच म्हणा ना. भिंती, खांब, छप्पर ही सगळी या चालण्याला घातलेली कापडं आहेत. म्हणून बाहेरून इमारत कशी 'दिसते' याची मॅग्वायर-मरे यांनी फारशी फिकीर केलेली नाही.

खांबांवरच्या त्रिकोणी जागा सुरुवातीला रिकाम्याच होत्या. चार्ल्स लट्येन्स या चित्रकाराने १९६३ ते १९६८ ही पाच वर्षं खपून तिथे देवदूतांची मोझेक चित्रं केली. नवी दिल्ली आखणाऱ्या एडविन लट्येन्सच्या घराण्यातलाच हा. सुमारे ८०० चौरस फूट काम, मुरानोच्या काचेच्या तुकड्यांचं, आणि तुकडे त्याने स्वतः बसवले. देवदूतांचे चेहरे गोड नाहीत, जरा रागीटच आहेत. मला आवडतात. माझ्याबरोबर आलेल्या वसईच्याच एका बाईंना अजिबात आवडले नाहीत. "हे आपल्याला घालवून द्यायला उभे आहेत," म्हणाल्या.

एक गोष्ट आपल्याकडचे कॅथलिक लोक हमखास उलटी सांगतात. त्यांना वाटतं, वेदी भिंतीपासून सुटी करून लोकांकडे तोंड करून मिस्सा म्हणणं हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, सुरू केलं आणि मग इमारती बदलल्या. परिषदेचा उपासनेवरचा दस्तऐवज डिसेंबर १९६३ चा. बो कॉमन त्याआधी साडेतीन वर्षं पूर्ण झालं होतं, आणि ते कॅथलिक नव्हे, अँग्लिकन. श्वार्झचं दालन तर त्याच्या तीसेक वर्षं आधीचं. काही ठिकाणी इमारती पुढे होत्या, कागद मागून आला.

तुमचा दुसरा मुद्दा, वारसा दर्जाचा. इंग्लंडात युद्धानंतरच्या इमारतींना संरक्षण मिळायला १९८७ साल उजाडावं लागलं. तेव्हा तीस वर्षांहून जुन्या इमारतींचा विचार करायचा असं ठरलं. पुढच्याच वर्षी बो कॉमनला दुसऱ्या श्रेणीतला वरचा, 'तारांकित' दर्जा मिळाला. २०१३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय चर्च न्यासाने १९५३ नंतर ब्रिटनमध्ये बांधलेल्या चर्चमधलं सर्वोत्तम म्हणून त्याला गौरवलं. दर्जा मिळाला तो दिसण्यासाठी नाही. त्यानंतर इंग्लंडात बांधल्या गेलेल्या बऱ्याच चर्चचा पाया या नकाशाने घातला, यासाठी.

आणि इथून तुमच्या समितीच्या प्रश्नाकडे येतो, कारण बो कॉमनच्या नावावर पुढे फार वाईट चर्चही बांधली गेली. लोकांनी नकाशातला विचार सोडला आणि आकार तेवढा उचलला. वर्तुळ काढलं, मधोमध वेदी ठेवली, झालं. मग फादरांनी तोंड कुणाकडे करायचं? निम्म्या लोकांना पाठ दिसते, आणि उरलेल्यांना फादरांच्या डोक्यामागे समोरच्या रांगेतला जांभई देणारा माणूस. वाचनाची जागा कुठे? शवपेटी कुठून आणायची? वधूने कुठून चालत यायचं? बो कॉमनची वेदी बघा : इमारत जवळजवळ चौरस, पण वेदी गणिती मध्यावर नाही, ती कंदिलाखाली जरा एका बाजूला सरकवलेली आहे. त्या सरकवण्यामुळे इमारतीला पुढचं-मागचं राहतं. लिव्हरपूलच्या कॅथलिक कॅथेड्रलची (१९६२ ते १९६७, फ्रेडरिक गिबर्ड) वेदी वर्तुळाच्या ऐन मध्यावर आहे. तिथे गर्दीच्या दिवशी दृश्य भव्य असतं. मंगळवारी सकाळी वीस माणसं असली की कुणी कुठे बसावं ते कळत नाही. त्या इमारतीचं छप्पर गळलं आणि चर्चने वास्तुविशारदावर दावा लावला, तो किस्सा तर आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे.

गळण्याचा विषय निघालाच आहे तर उघड्या काँक्रीटबद्दल बोलतो, कारण हे चर्च पाहून आलेल्या प्रत्येक समितीला ते हवं असतं. मुंबईच्या उपनगरातल्या एका चर्चचं काम माझ्याकडे आलं होतं, १९७० च्या दशकातलं, उघड्या काँक्रीटचं. वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी भिंतींना तडे दिसू नयेत म्हणून वरून ऑइलपेंट फासला होता. आत ओल कोंडली. पोपडे निघाले, सळई दिसू लागली, समिती म्हणाली पुन्हा रंगवू. मी म्हटलं, आधी एक चाचणी करू. छिन्नीने खांबाचा कोपरा नुकताच फोडायचा, धूळ फुंकून टाकायची आणि ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलिनचं द्रावण फवारायचं. काँक्रीट निरोगी असलं की क्षणात गडद गुलाबी होतं, रंगपंचमीसारखं. आम्ही फवारलं. समितीतले पाच जण वाकून बघत होते. कडेपासून आत ३० मिलिमीटरपर्यंत काहीच झालं नाही, करड्याचं करडंच. त्याच्या पलीकडे गुलाबी. सळई होती २० मिलिमीटरवर.

म्हणजे काय, ते सांगतो. ताजं काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं, त्याचा सामू (पीएच) १२-१३ च्या घरात. त्यात सळईला गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरतो आणि सामू ९ च्या खाली आणतो. द्रावण गुलाबी होत नाही ते तिथे. हे मुरणं काळाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने पुढे सरकतं : २५ वर्षांत २० मिलिमीटर गेलं असेल, तर ४० मिलिमीटरला पन्नास नव्हे, शंभर वर्षं लागतात. म्हणून सळईवरचं काँक्रीट, साइटवरच्या भाषेत 'कव्हर', दुप्पट केलं की आयुष्य चौपट. १९५० ते १९७० च्या दशकांत कव्हर फार कमी ठेवत, कडा नाजूक दिसाव्यात म्हणून. सळई गंजली की फुगते आणि वरचा थर ढकलून पाडते. समुद्राजवळ त्यात खारी हवा, म्हणजे आगीत तेल. तुमच्या समितीला उघडं काँक्रीट हवंच असेल तर कव्हर, पाणी-सिमेंटचं प्रमाण आणि क्युरिंग (ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवणं) यांवर पैसा घाला. नाहीतर सरळ गिलावा करा; त्यात कमीपणा काही नाही.

आणि आपल्या हवेचा प्रश्न आहेच. बो कॉमनच्या भिंती बहुतांशी आंधळ्या आहेत, उजेड वरून येतो. लंडनला ते चालतं. वसईत मे महिन्यात तसल्या डब्यात हजार माणसं बसवलीत तर मिस्सा आटोपायच्या आत दोघा-तिघांना उचलून बाहेर न्यावं लागेल. यासाठी लंडनला जायची गरजच नव्हती, दादरला उतरा. गोखले रोडवरचं आपलं 'पोर्तुगीज चर्च', म्हणजे साल्वासांव, मूळ १५९६ चं, फ्रान्सिस्कनांचं. आजची इमारत चार्ल्स कोरिया यांची, १९७४ ते १९७७ ची. बसथांब्याचं नाव पोर्तुगीज, आणि समोर काँक्रीटची निमुळती धुराडी. नवखा माणूस चर्च शोधत पुढे निघून जातो. कोरियांनी एक मोठं दालन न करता एकमेकांत गुंतलेल्या जागा केल्या, काही झाकलेल्या, काही आकाशाला उघड्या. अंगणातून हवा आत येते, तापते, आणि त्या धुराड्यांतून वर निघून जाते. वरून उजेड उतरवायची युक्ती बो कॉमनसारखीच, पण इथे त्याच वाटेने तापलेली हवाही बाहेर काढली आहे. सणाला गर्दी झाली की लोक अंगणात उभे राहतात आणि तरीही ते चर्चमध्येच असतात. वसईला ओटी, अंगण, मांडव सगळं ठाऊक आहे. तुमच्या नकाशाची सुरुवात तिथून झाली तर मला जास्त भरवसा वाटेल.

तेव्हा गोल करावं का, याला माझं उत्तर : आकार आत्ता ठरवूच नका. वास्तुविशारद नेमण्याआधी, पावसाळा संपला की, जागेवर फक्कीची एक पिशवी घेऊन जा. वेदी म्हणून एक टेबल ठेवा. फादरांना तिथे उभं करा. तुमच्या धर्मग्रामात रविवारी किती माणसं येतात ते मोजलेलं असेल. त्यातली निदान शंभर जण बोलवा, म्हाताऱ्या बायका आणि कडेवर मुलं असलेल्या आया आधी. त्यांना सांगा, ऐकू येईल आणि चेहरा दिसेल असं हवं तिथे बसा. बसले की त्यांच्या मागून फक्की टाका. मग मिस्साची सुरुवात करून बघा : प्रवेशाची मिरवणूक, वाचन, अर्पण, कम्युनियनची (ख्रिस्तप्रसाद घेण्याची) रांग. प्रत्येक वाट फक्कीने आखा. एक लग्न आणि एक अंत्यविधीही चालून बघा. शवपेटी सहा जणांच्या खांद्यावर असते आणि तिला वळायला किती जागा लागते, हे कागदावर कुणालाच आठवत नाही. मी सुचवलेल्या दोन ठिकाणी हे केलं गेलं, आणि दोन्हीकडे लोक वर्तुळात बसले नाहीत. नालेच्या आकारात बसले, एक बाजू मोकळी ठेवून. वरून फोटो काढून घ्या, फूटपट्टीसाठी मध्ये एक दहा फुटी बांबू आडवा टाका, आणि तो फोटो वास्तुविशारदाच्या हातात द्या.